‘चिनी’ ते ‘चायनीज’

दौलताबादच्या किल्ल्यात एक ‘चिनी महाल’ आहे. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने इथे कैदेत ठेवलं. चीनचा कुणी राजा-प्रधान इथे राहत नव्हता. भिंतींवरच्या झिलईदार, निळ्या-पांढऱ्या फरश्यांमुळे महालाला हे नाव मिळालं. एके काळी ‘चिनी’ हा असा कौतुकाचा शब्द होता. लोणच्याची बरणी तर आजही चिनी मातीचीच.

किल्ल्यावरून छत्रपती संभाजीनगरात परतलात की रस्त्याकडेच्या गाड्यांवर दिसतं ते ‘चायनीज’. शब्द परका वाटतो, पण मूळ जवळचंच आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त ‘चीनपट्ट’ आहे, कालिदासाच्या ‘शाकुंतला’त ‘चीनांशुक’. दोन्हीकडे अर्थ रेशीम. संस्कृत-फारसीतला हा ‘चीन’ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेला, इंग्रजीत ‘चायना’ झाला आणि ‘चायनीज’ होऊन आपल्याकडे परत आला. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये तो देश एकछत्री करणाऱ्या छिन राज्यावरून हे नाव पडलं, असं बरेच अभ्यासक मानतात. त्यावर वादही आहे. गंमत म्हणजे तिथले लोक आपल्या देशाला ‘चुंगक्वो’, म्हणजे मधला देश, म्हणतात. ‘चीन’ हे इतरांनी ठेवलेलं नाव.

नाव दुसऱ्याने ठेवलं की अर्थही तोच ठरवतो. आधी रेशीम, मग चिनी माती. आज ‘चायनीज’ म्हणजे मंचुरियन, जे मुळात मुंबईत जन्मलं. किंवा दोन दिवसांत बंद पडणारी वस्तू. ‘चायनीज माल आहे’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

वस्तूला काही वाटत नाही, माणसाला वाटतं. मणिपूर-मिझोरमहून शिकायला आलेल्या मुलामुलींना ‘ए चायनीज’ अशी हाक मारली जाते, तेव्हा त्यात ‘तू आमच्यातला नाहीस’ हेही असतं आणि ‘हलका माल’ हेही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या दिसण्याची टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि तो गेला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. टिंगलीपासून मारहाणीपर्यंतचं अंतर किती कमी असतं, ते तेव्हा दिसलं.

शब्द वाईट नाही. दोन हजार वर्षं त्याने उत्तम गोष्टींची नावं वागवली आहेत. प्लेटमधल्या नूडल्सना खुशाल चायनीज म्हणा. समोरच्या माणसाला मात्र त्याचं नाव विचारा.