ऑर्डर म्हणजे मागणी नव्हे

फॅशनच्या ऑनलाइन घाऊक बाजारांवरचा पेपर वाचताना आधी एवढंच तपासा: लेखकाने 'मागणी' म्हणून नेमकं काय मोजलंय? 'जूर' किंवा 'फेअर'सारख्या प्लॅटफॉर्मवर नोंद होते ती दुकानदाराच्या ऑर्डरची. गिऱ्हाइकाने कपडा घेतला की नाही, हे त्यात नसतं. शिवाय 'फेअर'वर नव्या ब्रँडचा पहिला माल परत करता येतो. मग दुकानदार सढळ हाताने मागवणारच ना! ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी १९९७ मध्येच दाखवलं, की साखळीत मागे जावं तसे ऑर्डरचे चढउतार विक्रीपेक्षा मोठे होत जातात. त्यामुळे नुसत्या ऑर्डरवर शिकवलेलं मॉडेल 'अचूक' निघालं, तरी ते दुकानदाराचा अंदाज ओळखतं, गिऱ्हाइकाची गरज नाही. विक्री आणि परताव्याचे आकडे नसतील, तर 'शिल्लक माल घटेल' हा निष्कर्ष मान्य करू नका.