गवत कुणासाठी उगवतं? : खेळातला तपशील आणि खेळाची चाल



आजचा विषय वाचून काहींनी आम्हाला विचारलंच, की सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता मोबाइलच्या खेळांवर व्याख्यान? त्यावर आमचं म्हणणं साधं आहे. नाटकातल्या नेपथ्यावर आपण बोलतो, मंदिराच्या शिल्पावर बोलतो. खेळातली लेव्हल हीसुद्धा माणसाने रचलेली जागाच आहे. कुणाचा किल्ला, कुणाचं गाव, कुणाचं जंगल. आपली मुलं रोज तिथे वावरतात. आपण मात्र त्यावर बोलतो ते फक्त व्यसन म्हणून. त्या जागा चांगल्या रचल्या आहेत की वाईट, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

अकोल्यात आमच्या शेजारच्या ओट्यावर दुपारी चार पोरं खेळत बसतात. एक दिवस त्यातला एक चिडून म्हणाला, "सर, मी हरलो नाही जी. फोन अटकून राह्यला." आम्ही हसलो. मग घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. खरंच, हरलं कोण? पोरगा की फोन? की ज्याने ती जागा रचली तो? आजचं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी हिशेब समजून घेऊ. पडद्यावरचं जग हलतं, म्हणजे एकामागून एक चित्रं काढली जातात. सेकंदाला ६० चित्रं काढायची, तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० काढायची, तर ३३.३. एवढ्या वेळात प्रत्येक भिंत, प्रत्येक सावली, प्रत्येक पान मोजून रंगवायचं. वेळ पुरला नाही की चित्र उशिरा येतं. आपण बोट दाबलेलं असतं, पण पडद्यावर ते पोचत नाही. यालाच आपल्याकडची पोरं 'अटकणं' म्हणतात. कडुनिंबाचं एक झाड घ्या. त्याची पानं बहुधा सपाट पट्ट्यांवर रंगवलेली असतात आणि पट्टीचा उरलेला भाग पारदर्शक असतो. एकामागे एक दहा पट्ट्या आल्या, की पडद्यावरचा तोच ठिपका दहादा रंगवावा लागू शकतो. म्हणून भल्यामोठ्या दगडी भिंतीपेक्षा एक हिरवंगार झाड यंत्राला महाग पडू शकतं. डोळ्यांना जे साधं दिसतं ते यंत्राला साधं असेलच असं नाही.

मग करायचं काय? इथे आम्हाला आमच्या मुलखातली एक गोष्ट सुचते. अमरावती-अकोला हा महामार्ग तुम्हा सगळ्यांच्या पायाखालचा. २०२२च्या जूनमध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याचा जागतिक विक्रम झाला. आता त्यावरून गाडी पळते तेव्हा बाजूचं शेत म्हणजे एक हिरवा पट्टा असतो, बस. पण त्याच वाटेवरच्या मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला ज्यांना आठवते, त्यांना विचारा. त्या छोट्या रुळांवरच्या मंद गाडीतून कपाशीचं बोंड न् बोंड दिसायचं. शेत तेच. बदलली ती बघणाऱ्याची चाल. म्हणजे तपशील किती हवा, हे नुसत्या वस्तूवर ठरत नाही. बघणारा किती दूर आहे आणि तिथे किती वेळ थांबणार आहे, यावर ते ठरतं. संगणकाच्या जगात हा विचार जेम्स क्लार्क यांनी १९७६ साली नीट मांडला: एकाच वस्तूच्या कमीअधिक तपशिलाच्या प्रती ठेवा, जवळ आली की भारी प्रत दाखवा, दूर गेली की हलकी.

आणि जे दिसतच नाही, ते काढूच नका. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे गंमत वाटते. आपल्या वेदान्तात दृष्टिसृष्टिवाद म्हणून एक मत आहे. पाहणं आहे तोवरच सृष्टी आहे, पाहण्याआधी ती तिथे वाट पाहत बसलेली नसते. तिकडे अठराव्या शतकात बर्कलीही असणं म्हणजे दिसणं असंच म्हणत होता. वर्गात आम्ही हे शिकवायचो तेव्हा मुलं जांभया द्यायची. आज त्यांच्या खिशातला फोन प्रत्येक क्षणी हेच करतो. तुम्ही पाठ फिरवली की मागचा वाडा काढणं थांबतं.

आता एक खरं उदाहरण घेऊ, घराजवळचं. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने केला. लोकवर्गणीची मोहीम पुरी पडली नाही, तरी खेळ पुरा झाला. तो २०२०च्या ऑगस्टमध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये संगणकावर व इतर यंत्रांवर. हे लक्षात घ्या. स्विच हे २०१७ सालचं, हातात मावणारं, ४ जीबी मेमरीचं यंत्र. राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैलीचा ध्यास घेतलेला खेळ, आणि पहिला प्रवेश सर्वांत अशक्त यंत्रावर!

तो कसा जमला? पहिलं म्हणजे कॅमेरा खेळाडूच्या हाती दिलेला नाही. राजीकडे आपण कुठून बघायचं हे रचनाकार ठरवतात. त्यामुळे जी बाजू कधी दिसणारच नाही, तिच्यावर कष्ट नाहीत. नाटकाच्या नेपथ्याला मागून नुसती फळी असते, तसंच हे. दुसरं, भित्तिचित्रं जिथे आहेत तिथे खेळ थांबतो, राजी त्यांच्यासमोर उभी राहते आणि गोष्ट ऐकते. मारामारीचे चौक मात्र बरेच मोकळे. थांबण्याच्या जागी नक्षी, पळण्याच्या जागी मोकळीक. तिसरं, कथेचे मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात आहेत. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना कळेल की एका बाह्यरेषेत केवढं नाट्य मावतं. ही काटकसर आहे, पण दरिद्री दिसत नाही.

पण आम्ही इथे नुसतं कौतुक करायला आलेलो नाही. 'राजी'त काही ठिकाणी भव्य दृश्य दाखवण्यासाठी कॅमेरा फार लांब जातो. राजी मुंगीएवढी होते. पुढची कड जवळ की दूर हे कळत नाही, आणि उडी चुकते. इथे यंत्र अडलेलं नाही, चित्रंही वेळेवर येताहेत. तरीही खेळाडूवर अन्याय झाला. दृश्याच्या मोहात रचनाकार क्षणभर विसरला, की समोरचा माणूस प्रेक्षक नसून उडी मारणारा आहे. म्हणजे तपशिलाची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक यंत्राच्या वेळात आणि एक माणसाच्या लक्षात.

जुन्या बांधकाम करणाऱ्यांना हे कळत होतं. अकोट तालुक्यातल्या नरनाळ्याला जा. तिथला महाकाली दरवाजा १४८६ सालचा. त्यावर कोरलेली अक्षरं, जाळ्या, सज्जे, सगळं बारीक काम दरवाजावर. तटाच्या लांबच लांब भिंती मात्र साध्या. कारण माणूस थबकतो तो दरवाजाशी. आणि रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी रचना बघा. दोन बुरुजांच्या आड वळण, वळल्याशिवाय दरवाजा दिसतच नाही. ते वळण शत्रूसाठी होतं. आजचा लेव्हल रचणारा असंच वळण घालतो ते यंत्राला श्वास मिळावा म्हणून. पुढचं दालन वळणाआड आहे तोवर ते काढावं लागत नाही. चांगल्या रचनेत खेळाडूला ते वळण किल्ल्याचंच वाटतं, यंत्राची सोय वाटत नाही.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. पब्जीसारख्या खेळांत विस्तीर्ण मैदान असतं आणि त्यावर गवत. गवत महाग, म्हणून ते खेळाडूच्या आसपासच काढलं जातं, दूरचं काढत नाहीत. यंत्राच्या हिशेबाने बरोबर. पण एक पोरगा त्या गवतात पालथा पडून लपलाय. त्याच्या पडद्यावर तो गवतात बुडालेला आहे. दूरवरून नेम धरणाऱ्याच्या पडद्यावर तिथे गवतच नाही, उघड्या जमिनीवर एक माणूस पडलाय. दोघांची सृष्टी वेगळी, आणि मरण मात्र एकाचंच! वेदान्तात प्रत्येकाची सृष्टी वेगळी असली तर चालेल. स्पर्धेत नाही चालणार.

म्हणून आमचं म्हणणं असं, की तपशिलाचे दोन प्रकार आधी वेगळे करा. एक तपशील आधाराचा: ज्याच्याआड लपता येतं, ज्यावर पाय ठेवता येतो, ज्यावरून वाट कळते. दुसरा शोभेचा. शोभा यंत्र बघून कमी-जास्त करा, कुणाची तक्रार नाही. आधार मात्र सगळ्यांना सारखा मिळाला पाहिजे. गवतात लपता येईल असं सुचवायचं आणि मग ते गवत दुसऱ्याच्या पडद्यावरून पुसायचं, हे वचन मोडणं आहे. ते झेपत नसेल तर जागाच लहान करा. २०१९ साली भारतात पब्जीची 'लाइट' आवृत्ती आली. तिच्यात १००च्या जागी ६० खेळाडू आणि नकाशाही लहान. आम्हाला ही वाट जास्त प्रामाणिक वाटते.

कुणी म्हणेल, सर, यंत्रं दरवर्षी सुधारताहेत, हा प्रश्न उद्या उरणारच नाही. अनरियल इंजिनच्या पाचव्या आवृत्तीतलं नॅनाइट तर तपशिलाची कमी-जास्त वाटणी बरीचशी आपणच करतं. मान्य. पण ते सुख मुख्यतः ताकदवान यंत्रांचं. आणि आमच्या वऱ्हाडात या. मे महिना, ४५ अंशांच्या वरचं ऊन, स्वस्तातला फोन. फोन तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो. थंड खोलीत तपासलेली लेव्हल जी चाल दाखवते, ती अकोल्याच्या ओट्यावर दाखवत नाही. काटकसर थोर असते असं आम्ही म्हणत नाही. गरिबीची आरती ओवाळायची हौस आम्हाला नाही. त्या पोराला उत्तम फोन मिळाला तर आनंदच आहे. पण फोन कितीही बळकट झाला तरी डोळे दोनच राहतात आणि लक्ष एकच.

अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्याचा विचार मांडला. त्याचा दाखला मजेशीर आहे: कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला, तर दागिने खरे असूनही हसूच होतं. आमच्या मते लेव्हल रचणाऱ्याला याहून चांगला सल्ला नाही. सोनं कमी पडलं म्हणून रचना बिघडते असं थोड्या वेळा होतं. बहुतेक वेळा ती बिघडते, कारण सोनं भलत्या जागी घातलेलं असतं.

तुमच्यात हे काम शिकणारी मुलं असतील, त्यांना आमची एकच विनंती आहे. आपली लेव्हल पूर्ण झाली की ती मे महिन्यात, भर दुपारी, साध्या फोनवर, अनोळखी पोराच्या हाती द्या आणि शेजारी गप्प बसा. तो हरला तर म्हणू दे, "मी चुकलो." हरण्याचा तेवढा हक्क त्याला मिळाला, तर तुमची जागा चांगली रचली आहे. तो "फोन अटकून राह्यला" म्हणाला, तर परत कामाला लागा.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. आधी मागच्या रांगेतल्या पोरांचे घेऊ, या विषयात ती आमच्यापेक्षा जाणती आहेत.