कर्ता नसलेलं राज्यशास्त्र

एम.ए. राज्यशास्त्राची पुस्तकं घ्यायला परभणीत बसस्टँडजवळच्या दुकानात गेलो, तेव्हा दुकानदारानं एकच प्रश्न विचारला, "एमपीएससी का सेट-नेट?" मी म्हटलं, दोन्ही नाही. "मग कशाला करायलात?" त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे राज्यशास्त्रात एम.ए. करणारी बहुतेक पोरं या दोनपैकी एका रांगेत उभी असतात. रांग पुढे सरकेपर्यंत हातात एक डिग्री असावी, एवढाच हिशोब. मी इंजिनिअर आहे, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, आणि मला पब्लिक अफेअर्समध्ये जायचं आहे. म्हणजे आमदार-खासदारांसाठी टिपणं तयार करणं, एखाद्या संस्थेचं किंवा उद्योगाचं म्हणणं सरकारी विभागापुढे नीट मांडणं, विधेयक आलं की त्यातलं कुठलं कलम कुणाला लागणार ते आधी ओळखणं. हे सगळं दुकानात कुठे सांगत बसणार? "आवड म्हणून," असं म्हटलं. त्यानं सहा पुस्तकं सुतळीनं बांधून दिली.

ती सहा पुस्तकं मी दीड वर्ष वाचतोय आणि हा लेख त्यांच्याबद्दल आहे. नावं देत नाही, कारण दोष कुणा एका लेखकाचा नाही. ती सगळी मिळून एक वाङ्मयप्रकार झाला आहे. प्रस्तावना, अर्थ, व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व, दोष, समारोप. सार्वभौमत्व असो, दबावगट असो की पंचायत राज, साचा तोच. प्रत्येक संकल्पनेला चार पाश्चात्त्य विचारवंतांच्या व्याख्या मिळतात आणि चारही व्याख्या एकमेकींच्या शेजारी अनोळखी पाहुण्यांसारख्या गप्प बसलेल्या असतात. त्यांच्यात भांडण का आहे, हे कुणी सांगत नाही. वैशिष्ट्ये बहुधा आठ किंवा दहा. सोळा मार्कांच्या प्रश्नाला तेवढीच पुरतात.

साच्याची सवय होते. मला खटकली ती वाक्यं. धोरण आखले जाते. विधेयक मांडले जाते. निधीची तरतूद केली जाते. अंमलबजावणीत अडथळे येतात. शाळेत आपण याला नवीन कर्मणी प्रयोग म्हणून शिकलो होतो. एकदा ते लक्षात आल्यावर मी एका प्रकरणात पेन्सिलीनं खुणा करायला लागलो. पान उलटत गेलो, पण ज्याला नाव, खातं किंवा पद आहे असा माणूस काही सापडेना. सगळं राज्य आपोआप चालतंय. धोरण पावसासारखं वरून येतं आणि अडथळे गवतासारखे खालून उगवतात.

आमच्या धंद्यात असं लिहून चालत नाही. प्रोग्रामची कुठलीही ओळ कुणी, कधी बदलली हे दाखवणारी एक सोय गिटमध्ये असते. तिचं नाव "ब्लेम". नाव भांडखोर आहे, पण आम्ही ती भांडायला क्वचितच वापरतो. ही ओळ अशी का आहे, हे कुणाला विचारायचं ते तिथे कळतं. राज्यशास्त्राच्या पुस्तकात मी नेमकं हेच शोधत होतो.

याची किंमत मला एका मुलाखतीत कळली. धोरणविषयक सल्ला देणाऱ्या एका संस्थेनं चाचणी म्हणून विषय दिला: मराठवाड्यातला सोयाबीनचा पीकविमा. एका आमदारासाठी दोन पानी टिपण, वेळ तीन तास. मला आनंदच झाला. घरी मानवत तालुक्यात सोयाबीन आहे, विम्याचं रडगाणं लहानपणापासून कानावर आहे आणि वर एम.ए.चा अभ्यास. मी झकास लिहिलं. पीकविम्याचा अर्थ, गरज, योजनेची वैशिष्ट्ये, त्रुटी, उपाय. "पंचनामे वेळेत केले जात नाहीत." "जनजागृती करण्यात यावी." दोन दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन आला. सौम्यपणे म्हणाल्या, "टिपण वाचून आमदारांनी सोमवारी सकाळी फोन कुणाला लावायचा, ते यात नाहीये." मी गप्प. त्यांनी पुस्तकाचं नाव विचारलं नाही, पण माझ्या दोन पानांत सहाही पुस्तकं दिसत असणार.

गावी गेल्यावर अण्णांना हेच विचारलं, तर त्यांच्या प्रत्येक वाक्यात कर्ता होता. "कापणी प्रयोगाला कृषी सहायक आलाच नाही. ग्रामसेवकानं बांधावरूनच लिहिलं. मंडळातलं ते यंत्र बंद होतं." माझ्या पुस्तकांपेक्षा हे कितीतरी चांगलं राज्यशास्त्र आहे, असं मला त्या दिवशी वाटलं. पुढे योजनेचा कागद वाचल्यावर ते मत थोडं बदललं. विम्यात नुकसान ठरतं ते उंबरठा उत्पन्नावरून. मागच्या सात वर्षांतली सर्वांत चांगली पाच वर्षं घ्यायची, सरासरी काढायची, आणि तिला जोखीमस्तरानं गुणायचं. केंद्राच्या योजनेत हा स्तर 70, 80 किंवा 90 टक्के ठेवता येतो. तो निवडते राज्य पातळीवरची समिती, आणि महाराष्ट्रानं 70 धरला. आता सातपैकी तीन-चार वर्षं दुष्काळ किंवा अतिवृष्टीची असली, तर चांगली म्हणून घेतलेल्या पाचांतही एक-दोन वाईटच येतात. सरासरी खाली, उंबरठा त्याच्याही खाली, आणि यंदाचं पडलेलं पीक नेमकं त्या उंबरठ्याच्या वर. म्हणजे कृषी सहायक धावत आला असता, अगदी प्रामाणिकपणे मोजलं असतं, तरी अण्णांच्या हातात काही पडेलच असं नव्हतं. 2023 च्या खरिपात विमा एका रुपयात मिळू लागला, 2025 मध्ये ती सवलत गेली. गावात चर्चा रुपयाची झाली, सत्तरची नाही. अण्णांचा कर्ता खरा होता, पण चुकीचा होता. बरोबर कर्ता एका बैठकीच्या इतिवृत्तात बसलेला होता, आणि तिथपर्यंत पोचवणारी विद्या म्हणूनच मी राज्यशास्त्राकडे गेलो होतो.

हीच पुस्तकं रोजगार हमी योजनेचं काय करतात ते बघा. बहुतेकांत ती अर्ध्या पानात येते: 1977 साली कायदा करण्यात आला, ग्रामीण बेरोजगारांना काम देण्यात आले. वि. स. पागे हे नाव असलं तर "जनक" म्हणून कंसात. खरं तर महाराष्ट्रात धोरण कसं घडतं हे शिकवायला याहून चांगली गोष्ट नाही. पागे विधान परिषदेचे सभापती. मंत्री नाहीत, हातात खातं नाही. 1965 मध्ये त्यांची कल्पना सांगली जिल्ह्यात तासगाव भागात छोट्या प्रमाणावर करून पाहिली गेली. (बघा, मीही "पाहिली गेली" लिहिलं. हा रोग लागतो.) मग 1972 चा दुष्काळ आला आणि लाखो माणसं खडी फोडायला उतरली. माझी आजी त्यांतलीच. ती त्या कामाला अजून "दुष्काळी" म्हणते आणि सुकडीची चव अजून सांगते. दुष्काळ सरल्यावर काम बंद करणं सोपं होतं. ते कायद्यात बसवायचं तर पैसा कायमचा हवा. म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, शहरातल्या पगारदारांच्या खिशातून. हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला आणि 2005 साली देशानं रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचा होता.

तो व्यवसाय कर माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला दिसतो. 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. सहा वर्षं मी तो बघतोय आणि तो माझ्या आजीच्या खडीशी बांधलेला होता हे मला एम.ए.च्या पुस्तकानं सांगितलं नाही. पुढे व्याजाचे दर नि मंदी समजून घ्यायला अर्थशास्त्र लागेलही. पण मंत्री नसलेल्या माणसानं, शहरी पगारदाराला फार न दुखवता, दुष्काळी जिल्ह्यासाठी कायमचा पैसा कसा उभा करवला, हा सोळा मार्कांचा प्रश्न का असू नये?

यावर मित्र म्हणतात, मग "सिंहासन" बघ. बघितलाय, बऱ्याचदा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी 1979 मध्ये चित्रपट केला. आमच्या पिढीतल्या ज्यांना राजकारणाची आवड लागली त्यांच्यातल्या पुष्कळांना ती दिगू टिपणीसच्या चेहऱ्यानं लावली आहे. मुख्यमंत्र्यांना आलेला निनावी फोन आणि तिथून सुरू झालेली पळापळ. इथे कर्तेच कर्ते आहेत. प्रत्येक क्रियापदाला माणूस आहे, त्याचा स्वार्थ आहे, त्याची भीती आहे. पण आज परत पाहताना मला वेगळीच अडचण येते. ही सगळी माणसं खुर्चीसाठी धावतात आणि खुर्चीवर बसून काय करतात ते मला दिसत नाही. अर्थमंत्री आहे, पण अर्थसंकल्प नाही. चित्रपट आला त्याच वर्षी जानेवारीत रोजगार हमीचा कायदा लागू झाला होता, आणि हे राज्य चालवणारी माणसं असा कायदा करू शकली असतील यावर "सिंहासन" बघून कुणाचा विश्वास बसणार नाही. कलाकृतीनं सगळं दाखवावं असा माझा हट्ट नाही. पण पाठ्यपुस्तकात माणसांशिवाय यंत्रणा आणि पडद्यावर कामाशिवाय माणसं, या दोन्हींवर वाढलेला मुलगा राजकारणाला एक तर व्याख्या समजतो, नाही तर कट.

तिसरा नमुना आपल्याकडेच होता. 1 जुलै 1956 ला बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत एक शाळा सुरू केली. तिच्या नावाचा साधा अर्थ, राजकारणात प्रवेशासाठीचं प्रशिक्षण विद्यालय. विधिमंडळात जाऊ इच्छिणाऱ्यांनी आधी इथून शिकून जावं, हा हेतू. पहिल्या तुकडीत 15 विद्यार्थी. डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि मार्च 1957 मध्ये शाळा बंद पडली. तीच पहिली तुकडी, तीच शेवटची. माझ्या पुस्तकात आंबेडकर आहेत, "राजकीय विचार" या प्रकरणात, दहा मुद्द्यांत. शाळा नाही. ग्रंथसंपदेत "स्टेट्स अँड मायनॉरिटीज" हे नाव आहे, पण तो ग्रंथ आहे तरी कसला हे नाही. ते 1947 मधलं निवेदन आहे, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं संविधान सभेसाठी तयार केलेलं. विचार निबंधात मांडलेले नाहीत, थेट कलमांच्या भाषेत मांडलेत: हक्क कोणता, तो मोडला तर दाद कुठे मागायची, शेतीचं काय, उद्योगाचं काय. आणि मग प्रत्येक कलम तसंच का, याचं स्पष्टीकरण. आज धोरणाचं टिपण कसं लिहावं हे शिकवायला लोक महागडे कोर्स विकतात. हा नमुना फुकट उपलब्ध आहे आणि आपण त्यातून विचारांचे दहा मुद्दे काढून पाठ करतो.

हे सगळं मला केवळ नोकरीसाठी खुपतं असं नाही. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. बंद झाला, दगडफेक झाली, धरपकड झाली. पकडलेल्यांत कायद्याचा एक विद्यार्थी होता, त्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये मोबाइलवर बातम्या वाचत होतो. झाली, झाला, झाली, झाला. त्याच आठवड्यात माझ्या वाचनात "राज्यसंस्था आणि अधिमान्यता" हे प्रकरण होतं आणि दोन्हीकडचं व्याकरण एकच होतं. "मृत्यू झाला" या वाक्याला कर्ता आहे का, असल्यास कोण, हे विचारायला त्या मुलाच्या आईला न्यायालयात जावं लागलं. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. राज्य त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही आदेश टिकला. अधिमान्यतेवरचं माझं प्रकरण तेवीस पानांचं आहे. त्यात पोलीस हा शब्द मला सापडला नाही.

मग एम.ए. करायचं का, असं गावाकडची दोन-तीन पोरं मला विचारतात. मुख्यमंत्री फेलोशिपला कुठल्याही शाखेची पदवी चालते, खासदारांसोबत काम करायच्या लॅम्प फेलोशिपलाही चालते. मुलाखतीत कुणी व्याख्या विचारत नाही. तरी मी त्यांना करा म्हणतो, पण गाइडच्या बाजूला व्होरा-पळशीकरांचं "महाराष्ट्रातील सत्तांतर" ठेवा असंही सांगतो. 1995 ला काँग्रेस का पडली याचं उत्तर तिथे "जनमत बदलले" एवढ्यावर संपत नाही. आणि गाइडमधलं प्रत्येक "जाते" खोडून वर नाव लिहा. नाव माहीत नसेल तर ते शोधणं हाच त्या दिवसाचा अभ्यास.

मी स्वतः हे पेपरात करत नाही, हेही सांगून टाकतो. मागच्या सत्रात "धोरणनिर्मितीची प्रक्रिया स्पष्ट करा" असा प्रश्न आला. पागे डोक्यात तयार होते, व्यवसाय कर तयार होता, आजीसुद्धा तयार होती. घड्याळ पाहिलं, वीस मिनिटं उरली होती. प्रस्तावना, अर्थ, व्याख्या चार, वैशिष्ट्ये आठ. धोरण आखले जाते, असं लिहून आलो. त्या पेपरात 64 पडले, आतापर्यंतचे सर्वांत जास्त.