‘ब्लेड रनर’मधला डोळे बनवणारा माणूस

फोनवरच्या कुठल्याही वॉलपेपर ॲपमध्ये ‘सायबरपंक’ असं टाकून बघा. पाऊस, ओला रस्ता, निऑनच्या पाट्या, त्यांवर जपानी किंवा चिनी अक्षरं आणि छत्री घेऊन चाललेला एक पाठमोरा माणूस. शंभर चित्रं पाहिली तरी शहर तेच. त्या शहराचा पत्ता बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतो: लॉस एंजेलिस, नोव्हेंबर २०१९. पण ते बांधलं गेलं रिडली स्कॉटच्या १९८२ च्या ‘ब्लेड रनर’साठी.

हा सिनेमा आला तेव्हा पडला होता. २५ जून १९८२ ला तो प्रदर्शित झाला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ आला होता आणि लोक त्या गोड परग्रहवासीयाच्या प्रेमात होते. हॅरिसन फोर्ड म्हणजे ‘स्टार वॉर्स’ आणि इंडियाना जोन्स. इथे तो दिवसभर भिजतो, दारू पितो, मार खातो आणि पळणाऱ्या बाईला पाठीत गोळ्या घालतो. चाचणी खेळांमध्ये प्रेक्षक गोंधळले म्हणून स्टुडिओने फोर्डच्या आवाजात निवेदन घातलं आणि शेवटी हिरव्यागार डोंगरांतून जाणारी गाडी चिकटवली. ते डोंगर कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित होऊन उरलेल्या फिल्ममधले होते. पुढे व्हिडिओ कॅसेट आल्या आणि लोक हा सिनेमा घरी थांबवून, मागे नेऊन बघू लागले. एकेका फ्रेममध्ये इतकं काही भरलेलं होतं की तो तसाच बघायला हवा होता. १९९० च्या सुमारास एका जुन्या कच्च्या प्रतीच्या खेळांना गर्दी झाली. मग १९९२ मध्ये ‘डायरेक्टर्स कट’ आला आणि २००७ मध्ये ‘फायनल कट’. निवेदन गेलं, डोंगर गेले, पाऊस राहिला.

त्या पावसाचं पाणी कुठे कुठे मुरलं याची यादी मोठी आहे. विल्यम गिब्सन ‘न्यूरोमॅन्सर’ लिहीत असताना हा सिनेमा बघायला गेला आणि थोड्याच वेळात उठून बाहेर आला. आपल्या डोक्यातलं जग पडद्यावर आधीच उभं आहे, आता लोक आपल्याला नकलाकार म्हणणार, अशी त्याला भीती वाटली. ‘घोस्ट इन द शेल’ (१९९५), ‘सायबरपंक २०७७’ हा गेम (२०२०) आणि अर्थातच दनी व्हिलनव्हचा ‘ब्लेड रनर २०४९’ (२०१७) ही सरळ वंशावळ. सिड मीड या डिझायनरने एक साधी गोष्ट दाखवली होती: भविष्यातलं शहर नवं कोरं नसतं. जुन्या इमारती तशाच राहतात आणि त्यांच्या अंगावर नवे पाइप, वायरी, पाट्या चढत जातात. आपल्याकडच्या कुठल्याही गावठाणात राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. पण त्याआधीच्या बऱ्याच साय-फायमध्ये भविष्य म्हणजे पांढऱ्या भिंती आणि सरकते दरवाजे असायचे.

हे सगळं खरं आहे आणि यावर भरपूर लिहून झालेलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आपण त्या सिनेमाचं शहर घेतलं, पाऊस घेतला, व्हँगेलिसचं संगीत रात्री काम करताना लावायला घेतलं. गोष्ट मात्र तिथेच ठेवली.

गोष्ट आहे कामगारांची. रेप्लिकंट म्हणजे टायरेल नावाच्या कंपनीने बनवलेली माणसं. परग्रहांवरच्या वसाहतींमध्ये त्यांना गुलाम म्हणून राबवलं जातं, हे सिनेमाच्या सुरुवातीच्या मजकुरातच सांगितलेलं आहे. त्यांनी बंड केल्यापासून पृथ्वीवर पाऊल ठेवलं तर त्यांना ठार मारायचं असा कायदा आहे. त्या मारण्याला मारणं म्हणत नाहीत, ‘रिटायर’ करणं म्हणतात. त्यांचं आयुष्य चार वर्षांचं. जास्त जगले तर त्यांना स्वतःच्या भावना फुटतील, म्हणून ती मर्यादा आतच बसवलेली. म्हणजे हा अपघात नाही, शाप नाही. हा डिझाइनचा निर्णय आहे. कुणीतरी बसून तो घेतला, कुणीतरी तो अमलात आणला.

मी हा सिनेमा पहिल्यांदा हॉस्टेलवर पाहिला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून. त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत वाद घातला तो सगळे घालतात तोच: डेकार्ड स्वतः रेप्लिकंट आहे की नाही? स्कॉट म्हणतो आहे, फोर्ड बराच काळ म्हणत राहिला की नाही. युनिकॉर्नचं स्वप्न, ओरिगामी, पुरावे, प्रतिपुरावे. वादाला मजा आली. पण आता वाटतं, हा वाद म्हणजे सोयीची पळवाट आहे. रेप्लिकंटला मारणारा माणूस आत कशाचा बनलेला आहे हे आपण चाळीस वर्षं कुस्करतो आहोत. मरणाऱ्यांची मागणी काय होती, ते कुणी विचारत नाही. मागणी एकच होती: मुदत वाढवा.

दुसऱ्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर चार वर्षांनी. तेव्हा मी एका डिलिव्हरी कंपनीच्या कामावर होतो, थेट नाही, आमच्या कंपनीकडे ते काम कंत्राटाने आलेलं. पार्सल पोचवणाऱ्या मुलांचा एक स्कोअर असायचा. तो ठरावीक आकड्याखाली गेला की त्यांचं खातं आपोआप ‘डीॲक्टिव्हेट’ व्हायचं. तो आकडा मी ठरवला नव्हता. खातं बंद करणारा कोडही माझा नव्हता. माझ्याकडे होता मधला तुकडा: मागच्या तीस दिवसांचा हिशेब. एकदा एक तक्रार फिरत फिरत माझ्याकडे आली. एक मुलगा हॉस्पिटलमध्ये होता आणि त्या दिवसांच्या न घेतलेल्या ऑर्डरी ‘नाकारलेल्या’ म्हणून मोजल्या गेल्या होत्या. चूक माझ्याच तुकड्यात होती. मी ती जेवणाच्या सुट्टीआधी दुरुस्त केली. टेस्ट हिरव्या झाल्या. मग विचारलं, आधी अशी जी खाती बंद झाली असतील त्यांचं काय? उत्तर आलं की ते या कामाच्या कक्षेत येत नाही. मी तिकीट बंद केलं. त्या मुलाचं नाव मला कधी कळलं नाही. माझ्यासमोर फक्त नऊ आकडी आयडी होता.

त्याच आठवड्यात सिनेमा पुन्हा लावला, आणि पहिल्यांदा एक प्रसंग नीट दिसला. पहिल्या अर्ध्या तासाच्या आसपास येतो तो. गोठवणाऱ्या थंडीतली एक प्रयोगशाळा, जाड कोट घालून काम करणारा एक म्हातारा चिनी माणूस. त्याचं नाव च्यू. तो टायरेलसाठी डोळे बनवतो. रॉय बॅटी आणि लिऑन हे दोघे रेप्लिकंट आत येतात, त्याच्या कोटाला ऊब देणारी नळी उपटतात आणि विचारतात: आमचं आयुष्य किती? च्यू थंडीने थरथरत सांगतो की त्याला त्यातलं काही ठाऊक नाही, तो फक्त डोळे करतो. समोरच्याकडे बघून तो ओळखतो की हे डोळे आपणच केलेले. रॉय त्याला सुनावतो की तुझ्या या डोळ्यांनी मी जे पाहिलं ते तुला दिसायला हवं होतं.

तिथे मी सिनेमा थांबवला. आमच्या धंद्यातलं इतकं खरं दृश्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. च्यू खोटं बोलत नाही. त्याला खरोखरच माहीत नाही. काम असं वाटून दिलेलं आहे की कुणालाच पूर्ण माणूस दिसू नये. डोळे एकाकडे, शरीराचा आराखडा दुसऱ्याकडे, डोकं टायरेलकडे. शरीराचा आराखडा करणारा तो जे. एफ. सेबॅस्टियन तर आणखी जवळचा वाटतो: पंचवीस वर्षांचा, अकाली म्हातारपणाच्या आजारामुळे पृथ्वीवरच अडकलेला, एका ओसाड इमारतीत स्वतः बनवलेल्या खेळण्यांसोबत राहणारा. त्याचंही आयुष्य कमी आहे. तरी ज्यांचं आयुष्य मुद्दाम कमी केलं त्यांच्याबद्दल त्याला प्रश्न पडलेला नाही, ते दारात येऊन उभे राहीपर्यंत.

सिनेमाला दोष नाहीत असं नाही. डेकार्ड रेचलला दारात अडवून चुंबन घ्यायला भाग पाडतो तो प्रसंग आज बघवत नाही आणि सिनेमा त्याला प्रेम समजतो. त्या शहरातले आशियाई लोक बहुतेक गर्दी म्हणून आहेत. ऐंशीच्या दशकात अमेरिकेला जपानची धास्ती होती. ती या पाट्यांवरच्या अक्षरांत उतरली आणि तिथून सजावट होऊन तुमच्या-माझ्या वॉलपेपरवर आली. च्यू त्याच नजरेतून आलेला आहे. पण लांब कुठेतरी बसून, कंत्राटावर, एकच सुटा भाग उत्तम बनवणारा आशियाई माणूस पाहून पुण्यातल्या आयटी पार्कमधल्या माणसाला हसू येत नाही.

आता या सिनेमाचा प्रभाव सगळ्यात जास्त कुणावर पडला ते बघू. २०१० मध्ये गूगलने अँड्रॉइडचा फोन काढला, नाव ‘नेक्सस वन’. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या फिलिप के. डिकच्या मुलीने या नावाला जाहीर हरकत घेतली, कारण त्या कथेतली माणसं ‘नेक्सस-६’ जातीची अँड्रॉइड आहेत. २०१४ मध्ये ‘नेक्सस ६’ नावाचा फोनही आला. टेस्लाने सायबरट्रक लोकांसमोर आणला नोव्हेंबर २०१९ मध्ये, लॉस एंजेलिस परिसरात. सिनेमातला महिना तोच, हे मस्कने स्वतःच सांगितलं होतं. २०२४ मध्ये ‘२०४९’च्या निर्मात्यांनी टेस्लाविरुद्ध दावा लावला. परवानगी नाकारल्यावरही आमच्या सिनेमासारखी प्रतिमा कार्यक्रमात वापरली, असा त्यांचा आरोप होता. म्हणजे ज्या सिनेमात कंपनीचा मालक खलनायक आहे, तो सिनेमा आज कंपन्यांच्या मालकांचा आवडता कॅटलॉग झाला आहे.

याचा दोष थोडा सिनेमाकडेही जातो. जॉर्डन क्रोननवेथच्या कॅमेऱ्याने ते सडलेलं शहर इतकं सुंदर टिपलं की तिथे राहायला जावंसं वाटतं. इशारा देणारी पाटीच इतकी देखणी केली की लोक पाटी काढून घरी घेऊन गेले. ज्या गुणामुळे हा सिनेमा टिकला, त्याच गुणामुळे त्याचं म्हणणं बुडालं.

पूर्ण नाही, तरी. हा सिनेमा पहिल्यापासून डोळ्यांचा आहे. सुरुवातीला पडदाभर एक डोळा, त्यात आगीचे लोळ उठणारं शहर. माणूस की रेप्लिकंट हे ठरवायची चाचणी बाहुली बघून. टायरेलचा जाड चष्मा. आणि शेवटी रॉय, ज्याने मारायला आलेल्या माणसाला छतावरून पडताना हात देऊन वर ओढलं. का, ते तो सांगत नाही. मरायच्या आधी तो फक्त त्याने काय पाहिलं ते सांगतो, आणि डेकार्डला ते ऐकावं लागतं. च्यूला जे दाखवता आलं नाही, ते निदान एकाला तरी दाखवून तो जातो.

म्हणून हा सिनेमा बघायचा असेल तर ‘फायनल कट’ बघा, आणि पावसाकडे एकदा दुर्लक्ष करून च्यूकडे बघा. मी अजून त्याच क्षेत्रात आहे. वेगळं काम, वेगळा तुकडा. मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये विचारलं की आपण हे जे मोजतोय त्याने शेवटी कुणाचं काय बंद होतं? कुणीतरी म्हणालं, तो दुसऱ्या टीमचा विषय आहे. मी त्या टीमचं नाव लिहून घेतलं आहे. अजून त्यांना फोन केलेला नाही.