चौथा आलेख

शोधनिबंध हा काही चवीनं वाचायचा प्रकार मानला जात नाही. तरी ‘सायन्स’ साप्ताहिकाच्या नोव्हेंबर १९४९च्या अंकातला पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स या चौघांचा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरचा निबंध मी अधूनमधून काढून वाचतो. शीर्षकातच त्यांनी याला ‘रेणूचा आजार’ म्हटलंय. दावा केवढा मोठा! आत मात्र एकही वाक्य चढ्या आवाजात नाही.

प्रयोग कॅलटेकमधला. लाल पेशी धुऊन फोडायच्या, हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड देऊन स्थिर करायचं, ठरावीक पीएचच्या फॉस्फेट द्रावणात आणायचं, मग टिसेलियस या संशोधकाच्या यू आकाराच्या नळीत भरून वीज सोडायची, म्हणजेच इलेक्ट्रोफोरेसिस. नमुन्याची ही तयारी निबंधात रुक्षपणे येते. खरी करामत पीएचच्या निवडीत आहे. ६.९ला निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन ऋणभारित असतं, ते धनाग्राकडे सरकतं. रुग्णाचं धनभारित, ते उलट निघतं. वेगातला फरक दाखवूनही भागलं असतं. इथे दिशाच फुटल्या.

(इटानो मूळचा डॉक्टर. जपानी वंशाचा म्हणून युद्धकाळात त्याला छावणीत डांबलं होतं. निबंधात अर्थातच त्याचा मागमूस नाही.)

२० तासांनंतरचे चार आलेख एकत्र छापलेत. पहिला निरोगी माणसाचा, एक शिखर. दुसरा रुग्णाचा, तिथेही एकच, पण जागा बदललेली. तिसरा वाहकाचा, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेल्याचा, त्यात दोन शिखरं. एखादा इथेच थांबला असता. पण चौथ्यासाठी त्यांनी निरोगी आणि रुग्ण यांचं हिमोग्लोबिन स्वतःच निम्मं-निम्मं मिसळलं, आणि तो आलेख तिसऱ्याच्या वळणावर गेला. आई-बापांकडून आलेलं मिश्रण आणि प्रयोगशाळेत केलेलं मिश्रण शेजारी-शेजारी. निबंधाचा प्राण इथे आहे, असं मला वाटतं. वाहकात विकृत हिमोग्लोबिन निम्म्याहून कमीच भरतं, हेही ते नोंदवून ठेवतात.

पुढचा भाग हिशेबाचा. फरक लोहयुक्त हीममध्ये नसून ग्लोबिनमध्ये आहे, आणि रुग्णाच्या रेणूवर दोन ते चार धनभार जास्त आहेत, एवढंच ते म्हणतात. वीज भार दाखवते. तो ग्लोबिनच्या अमिनो आम्लांच्या साखळीत कोणत्या दुव्यापाशी बदलला ते सांगत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तो दुवा केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रमनं पकडला. त्यानं हिमोग्लोबिनचे तुकडे करून कागदावर एका दिशेनं विजेनं आणि आडव्या दिशेनं द्रावकानं पसरवले. १९५७ साली उत्तर आलं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. ग्लुटामिक आम्लावर एक ऋणभार असतो, व्हॅलिनवर काहीच नाही. रेणूत अशा साखळ्या दोन, म्हणजे फरक दोन भारांचा. आठ वर्षांपूर्वीचा अंदाज काठावर का होईना, पण बरोबर होता.

चौथ्या आलेखामागची ती पद्धत अजून कामाला येते. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेलच्या तपासणीत वापरली जाणारी सोल्युबिलिटी टेस्ट रुग्ण आणि वाहक दोघांनाही पॉझिटिव्हच दाखवते. कोण रुग्ण आणि कोण वाहक, हे ठरवायला आजही इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसारखी वेगळी तपासणी लागते.