पुस्तक सांगणारी माणसं

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी गणेशोत्सवाच्या ढोलपथकावर लेख असतो, दिवाळी पहाटेवर असतो, नाटकावर असतो. ते असायलाच हवेत. पण आपल्यात आणखी एक कला गुपचूप चालू आहे. तिला रंगमंच लागत नाही, वेशभूषा लागत नाही, प्रायोजक तर मुळीच लागत नाही. आपण वाचलेलं पुस्तक समोरच्याला असं सांगायचं की घरी जाताना ते त्याच्या हातात असलं पाहिजे, ही ती कला. दुबई-शारजात ती ज्यांनी टिकवली आहे, त्यांचं मला आज तोंडभरून कौतुक करायचं आहे.

पुस्तकांच्या पेटीची गोष्ट आपल्या सभासदांना मी नव्याने काय सांगणार? नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी 2009 साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मृतिदिनाला लोकांनी पुस्तकांसाठी देणगी द्यावी असं आवाहन केलं आणि लोकांनी ती दिली. 2014 मध्ये पेट्या समुद्र ओलांडून दुबईला आल्या. पुढे नेदरलँड्स, जपान, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेपर्यंत गेल्या. एका पेटीत 25 पुस्तकं. काही महिने ती आपल्या गटात फिरतात, मग आपली पेटी दुसऱ्या गटाकडे जाते आणि त्यांची आपल्याकडे येते. वाचकाला एक दिरहमही पडत नाही. इतकी साधी, इतकी उदार योजना मराठी माणसाच्या डोक्यातून निघाली आणि मराठी माणसांनीच ती जगभर नेली, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण पेटी येणं वेगळं आणि पेटी वाचली जाणं वेगळं. पुस्तकं घरात येऊन पडल्याने कोणी वाचत नाही, कुणीतरी ती सांगावी लागतात. हे मी शिकले माहेरी, अकोल्याच्या जठारपेठेत.

अकोल्याचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला इथल्या जुलैचं भय वाटत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, आणि आत घरोघर जमिनीवर पालथं पडून चाललेलं वाचन. ऊन उतरलं की अंगणात पाणी शिंपडायचं आणि बायांनी ओट्यावर बसायचं. शेजारच्या मावशी जेमतेम चौथी शिकलेल्या होत्या, पण वाचनालयातून आलेलं एकही पुस्तक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. एक कादंबरी त्या तीन-चार संध्याकाळी पुरवून सांगत. नायिकेवर बालंट आलेलं असायचं, सासरा दारात उभा असायचा, आणि नेमक्या त्या जागी मावशी पदर झटकून उठायच्या. “चाला बाई, मले आता सैपाक हाये.” आम्ही विनवण्या करायचो. “काऊन व मावशी, सांगा ना!” त्या ऐकत नसत. पुढचं कळायचं असेल तर पुस्तक मिळवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कुठे थांबायचं हे त्यांना कळत होतं. त्या ओट्यावरून कितीतरी मुली वाचायला लागल्या, त्यात मी एक.

वऱ्हाड म्हटलं की इथल्या मंडळींना ऊन आणि कापूस आठवतो, म्हणून थोडं सांगते. अकोल्यात 1912 साली मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते हरि नारायण आपटे. 1981 ला पुन्हा अकोल्यात भरलं तेव्हा अध्यक्ष गो. नी. दांडेकर, आणि गोनीदा मूळचे आमच्या परतवाड्याचे! विदर्भ साहित्य संघाची स्थापनाही 1923 साली वऱ्हाडातच, अमरावतीत झाली. तेव्हा पुस्तकांची ओढ आम्हाला दुबईच्या विमानात बसताना लागलेली नाही. ती आम्ही घरून आणली.

आता आपल्या माणसांकडे येते. पेटीकाकूंचं खरं नाव आपल्या निम्म्या सभासदांना आठवणार नाही, इतकं हे नाव त्यांना चिकटलं आहे. शारजातल्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे आल्या-गेल्याला झोपायला जागा नाही, तिथे पेटीला मात्र हक्काचा कोपरा आहे. कोण काय वाचतो, कोणाला काय झेपेल, कोणाचं मन सध्या दुखावलेलं आहे आणि त्याला कोणतं पुस्तक आत्ता देऊ नये, हे सगळं काकूंच्या डोक्यात. आईच्या निधनानंतर मी कित्येक आठवडे काही वाचलं नव्हतं. काकूंनी काही न बोलता एक लहानसं प्रवासवर्णन माझ्या पिशवीत ठेवलं आणि परत कधी द्यायचं ते विचारलंसुद्धा नाही. अशी माणसं नियमावलीने तयार होत नाहीत. दुसरे अबू धाबीचे दादा. शनिवार-रविवारची सुट्टी 2022 पासून झाली, त्याआधी आपली पुस्तक सांगायची बैठक शुक्रवारी असे. वार कुठलाही असो, दादा तासा-दीड तासाचं अंतर कापून हजर. साइटवरची नोकरी, उन्हात रापलेला चेहरा, आणि बोलायला लागले की बालकवींपासून भालचंद्र नेमाड्यांपर्यंत कुठेही अडखळणार नाहीत. मी तर म्हणेन की या दोघांच्या तोडीचे कार्यकर्ते आखाती देशांतल्या एकाही मंडळात नसतील. अतिशयोक्ती वाटली तर वाटू द्या.

गेल्या हिवाळ्यातल्या ‘धग’च्या वाचनाबद्दल मात्र मला सावकाश लिहायचं आहे.

उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960 सालची. वऱ्हाडातल्या एका शिंप्याच्या घराची कथा. महादेव नावाचा नवरा, त्याचं दुखणं, आणि सगळा संसार एकटीने ओढणारी कौतिक. पात्रांचं बोलणं अस्सल वऱ्हाडी. कादंबरीतले निवडक भाग चौघांनी मिळून वाचायचे ठरले आणि पहिल्याच बैठकीत वाद झाला. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना समजणार नाही, संवाद प्रमाण मराठीत करून घेऊ, असं काहींचं म्हणणं. हेतू चांगला होता, पण मी ठाम नाही म्हटलं. कौतिकच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली तर ती कौतिक उरतच नाही. दादा माझ्या बाजूने उभे राहिले आणि वाद मिटला.

कौतिक वाचली पेटीकाकूंनी. काकू रत्नागिरीच्या! ‘मले’, ‘तुले’, ‘करून रायली’ हे त्यांच्या जिभेला सर्वस्वी परकं. त्यांनी काय केलं असेल? माझ्या अकोल्याच्या मोठ्या वहिनीला रोज रात्री फोन लावला आणि एकेक वाक्य तिच्याकडून म्हणवून घेतलं. वहिनी आधी हसायची, मग गंभीर झाली, मग तीच काकूंना रागवायला लागली. “तसं नाही व काकू, आवाज खाली पाडा, ती दमून आली हाये ना वावरातून.” महिनाभर ही शिकवणी चालली.

अल नाहदाच्या एका इमारतीच्या सामायिक हॉलमध्ये वाचन झालं. मागे पार्श्वसंगीत नाही, पडद्यावर चित्रं नाहीत, चार खुर्च्या आणि चार पुस्तकं. पहिली दहा मिनिटं लोक चुळबुळले, कान बोलीला सरावत होते. मग काकूंचा आवाज लागला. घरात खायला काही नाही आणि नवऱ्यापुढे ते बोलूनही दाखवायचं नाही, हे त्या एका वाक्याच्या चढउतारातून कळत होतं. पुढच्या रांगेत मुलाकडे आलेल्या अमरावतीच्या एक आजी बसल्या होत्या. काही वेळाने त्या कौतिकशी बोलायलाच लागल्या. “सोसते बाई, लय सोसते. कोणाले सांगते?” त्यांना कोणी गप्प केलं नाही. सातवीतला एक मुलगा आईला कानात विचारत होता, “मले म्हणजे मला का?” आणि थोड्या वेळाने त्याने विचारणंही सोडून दिलं, नुसता ऐकत बसला. गोनीदांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वीणा देव यांनी आपल्या कुटुंबासह वर्षानुवर्षं केलं. नुसत्या आवाजावर अख्खी कादंबरी उभी राहते, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवलं. त्या रात्री तीच ताकद मी शारजात पाहिली. वाचन संपल्यावर टाळ्या जरा उशिराच आल्या. आणि ‘धग’च्या दोन प्रतींसाठी तिथल्या तिथे रांग लागली. माझ्या लेखी त्या रांगेएवढी मोठी दाद नाही.

इतकं चांगलं लिहिल्यावर जे खटकतं तेही लिहायला हवं. बैठकीत पुस्तक सांगायला पूर्वी ज्याला हवा तितका वेळ असे, आता आठ मिनिटं आहेत, कारण जेवण वेळेवर लागलं पाहिजे. आठ मिनिटांत कथानक सांगून होतं, पुस्तक सांगून होत नाही. पेटी परत जाताना मी ती तपासते. ‘मृत्युंजय’ आणि पुलं हातोहात फिरलेले असतात, कवितासंग्रह मात्र तसाच कोरा, कडक. शेख झायेद रस्त्यावर गाडी चालवताना कादंबऱ्या ऐकणारे आपल्यात बरेच झाले आहेत. त्याला माझी हरकत नाही, ओट्यावरच्या आम्हीही आधी ऐकणाऱ्याच होतो. पण मागच्या मराठी भाषा गौरव दिनाला मुलांना संहिता रोमन लिपीत लिहून दिली, ते मला सोसलं नाही. मुलांनी सुंदर वाचलं, पालकांनी चित्रफिती काढल्या, आणि ज्या कवितेचा उच्चार केला ती मुलांना पुस्तकात दिसली असती तर ओळखूही आली नसती. एका कार्यक्रमाची अडचण भागवायला आपण ही वाट धरली, आणि आता तीच राजमार्ग होऊ पाहते आहे. ती इथेच थांबवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आपली मुलं वाचत नाहीत, हे खोटं आहे. ज्या देशाने 2016 हे वर्ष वाचनवर्ष म्हणून साजरं केलं, आणि ज्यातली शारजा 2019 मध्ये युनेस्कोची जागतिक पुस्तक राजधानी होती, तिथे ही मुलं वाढली आहेत. पुस्तक मेळ्यातून ती जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या उचलून आणतात आणि आठवड्यात संपवतात. शाळेत अरबी शिकतात, ती उजवीकडून डावीकडे लिहितात. मग देवनागरीच त्यांना अवघड का जावी? अवघड जाते कारण घरात ती दिसत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या आठवड्यात किती घरांत मुलांसमोर मराठी पुस्तक उघडलं गेलं? पालकहो, राग मानू नका, पण मूल आपल्या हातात काय आहे ते बघतं. हातात फोन असेल तर तेही फोनच मागणार.

आणि एक काळजी खास आपल्या गावची आहे. अमेरिकेत गेलेली माणसं तिथेच राहतात. आपल्यापैकी बहुतेकांना नोकरी संपली की परत जायचं असतं. दहा वर्षं घडवलेला कार्यकर्ता एका सामानाच्या कंटेनरसोबत निघून जातो. पेटीकाकूंच्या यजमानांची निवृत्ती आली आहे, म्हणजे येत्या वर्षात काकूही रत्नागिरीला जातील. त्यांच्याजवळचं पुस्तकांचं ज्ञान कुठल्याही वहीत उतरवलेलं नाही, आणि उतरवता येणारही नाही. त्यांच्या शेजारी बसूनच ते घ्यावं लागेल, जसं त्यांनी कौतिकचं बोलणं माझ्या वहिनीकडून घेतलं.

म्हणून कार्यकारिणीला आणि सभासदांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीपासून जेवण अर्धा तास उशिरा ठेवा आणि पुस्तक सांगणाऱ्याला पंधरा मिनिटं द्या. मुलांसाठी देवनागरीतलीच संहिता काढा, अक्षरं मोठी छापा, सरावाला दोन महिने द्या. शनिवारी सकाळी शिकवायला मी येईन. आणि पेटी सांभाळायला दोन घरं हवी आहेत, एक शारजात आणि एक दुबईत. मोठं घर नको, एक कोपरा पुरे. काकू इथे आहेत तोवर नावं द्या.