चित्तप्रसाद यांची काळी शाई

आमच्या मारुंजीत उंच इमारतींच्या पायथ्याशी बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथे राहणारा, मुर्शिदाबादकडचा एक मुलगा आमच्या उर्दू शाळेच्या वर्गात होता. वहीच्या मागच्या पानांवर तो काळ्या बॉलपेनने चित्रे काढायचा. बरगड्या दिसणारी कुत्री, परातीवर ओणवी माणसे, डोळ्यांच्या जागी नुसती भोके. "ये क्या मनहूस तस्वीरें बनाता है? फूल बना," असे आम्ही त्याला दटावले. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर आम्ही दिलेला होता, हेही कबूल केले पाहिजे.

नंतर चित्तप्रसाद यांची चित्रे पाहण्यात आली आणि ते वाक्य आम्हाला टोचू लागले.

1915 साली बंगालमधील नैहाटी येथे जन्मलेल्या या चित्रकाराने भट्टाचार्य हे आडनाव जातीसकट टाकून दिले. सही नुसती चित्तप्रसाद. 1943 च्या दुष्काळात ते मिदनापूर जिल्ह्यात फिरले आणि पाहिले ते शाईने रेखाटत गेले. त्यातून झालेल्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या पाच हजार प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. कुटुंबाने जपलेल्या एका प्रतीवरून 2011 साली तिची पुन्हा छपाई झाली. त्याच दुष्काळावर जैनुल आबेदीन यांनीही चित्रे काढली. आबेदीन यांच्या कुंचल्याचे फटकारे जाड, त्यांची माणसे कोणाचीही असू शकतात. चित्तप्रसाद मात्र चित्राखाली माणसाचे नाव, गाव लिहितात. चित्रकार म्हणून आबेदीन मोठे असतील, पण आम्हाला ही नाव लिहिण्याची सवय जास्त हलवून जाते.

1946 मध्ये ते मुंबईला आले. आपले शाहीर अमर शेख ज्या इप्टाशी जोडलेले होते, त्या इप्टाचे नगारा वाजवणाऱ्या माणसाचे बोधचिन्ह चित्तप्रसाद यांचेच. 1948-49 च्या सुमारास पक्ष सुटला. पुढची वर्षे अंधेरीत, मुफलिसीत गेली. पुस्तकांसाठी चित्रे, लिनोकट, बाहुल्यांचे खेळ यांवर गुजराण. त्याच काळात मराठी घरांत दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'ची रंगीत मुखपृष्ठे पोचत होती. दलाल आम्हालाही प्रिय आहेत. पण गुलाबी गालांना गिऱ्हाईक असते, खोल गेलेल्या गालांना नसते, आणि मागे पक्ष किंवा नोकरी नसेल तर हा फरक थेट चुलीपर्यंत जातो.

लिनोकट हे माध्यम त्यांनी निवडले ते स्वस्त म्हणून, आणि एका ठशातून अनेक प्रती निघतात म्हणून. यात लिनोलियमचा तुकडा कोरायचा, शाईचा रूळ फिरवायचा आणि कागद दाबायचा. कोरलेला भाग पांढरा राहतो, न कोरलेला काळा उमटतो. म्हणजे काळोख आयताच असतो, हाताने काढावा लागतो तो उजेड. चित्तप्रसाद यांच्या चित्रांत तो बहुधा कपाळावर, मनगटावर, पायाच्या बोटांवर पडलेला दिसतो. हल्ली मुखपृष्ठांवर कवट्या आणि कावळे काढून 'डार्क' म्हणवणारी चित्रे आम्ही पाहतो. त्यांतला काळा रंग वरून ओतलेला वाटतो.

त्यांचे सगळेच आम्हाला आवडते असे नाही. मुठी उगारलेल्या शेतकऱ्यांची चित्रे एकसारखी आहेत. मूठ दिसते, माणूस हरवतो. याउलट कष्टकरी मुलांवरची मालिका पाहावी. तिचे पुस्तक युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीने 1969 साली काढले. नावाचा अर्थ साधारण 'परीकथा नसलेले फरिश्ते' असा. त्यात घोषणा नाही. मुलांचे हात मात्र वयापेक्षा मोठे काढले आहेत, ते आम्हाला फार खरे वाटले. 1978 साली चित्तप्रसाद वारले.

त्या मालिकेतील एका चित्राची झेरॉक्स आम्ही वर्गात नेली. तो मुलगा बराच वेळ बघत बसला. मग विचारले, "सर, इसका नाम क्या है?"

मिदनापुरात नावे लिहिणाऱ्या चित्रकाराने इथे नाव लिहिलेले नव्हते. मालिकेतली हीच उणीव आमच्या नजरेतून निसटली होती. मुलाने झेरॉक्स मागून घेतली आणि खाली पेनने स्वतःच एक नाव घातले, बंगाली अक्षरांत. ते आम्हाला वाचता आले नाही.